मामाची चिखलदऱ्याची कॉफी

साठ-बासष्टचा सुमार असेल. अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या मामाचं चहाचं हॉटेल होतं. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, ती ठेवली तर वकील मंडळी येतील, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. झालं! मामा निघाला, आणि सुट्टीला आलेली मी त्याच्या मागे लागले.

मूर्तिजापूरहून अचलपूरची छोटी गाडी धरली. काय तिचा निवांतपणा, बाप्पा! मामा म्हणाला, "पायी निघालो असतो तं आतापरेंत जेवून झोपलो असतो." परतवाड्याला गरम आलुबोंडे खाल्ले आणि घाटाची मोटार धरली. निम्म्या चढावर ती तापली. सगळे उतरलो, इंजिनाला पाणी पाजलं. खाली पऱ्हाटीची (कापसाची) काळी शेतं राहिली होती, वर सागाचं रान आणि बोचरी थंडी. आपल्या वऱ्हाडात असा गारवा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

कॉफी लावणाऱ्या किसनरावांचं घर गावाबाहेर होतं. परसात मोठ्या झाडांच्या सावलीला कॉफीची झुडपं, लाल फळांनी लगडलेली. वेचलेली फळं ताट्यांवर (बांबूच्या चटयांवर) वाळत होती. एका इंग्रज साहेबाच्या ओसाड पडलेल्या बागेतून किसनरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, रोपं पदरात बांधून आणली होती.

"औंदा कोनी माल नेला नाई तं उपटतो अन् आलू लावतो," किसनराव म्हणाले.

वच्छलाबाई एका झुडपाची पानं उगाचच पदरानं पुसत राहिल्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

मग आमच्यासाठी कॉफी चुलीवर चढली. वऱ्हाडात पाहुण्याचा मान उकळीवर ठरतो. गप्पा चालल्या तशी कॉफी उकळत राहिली. वर आलं, वेलदोडा, म्हशीचं दूध, मूठभर साखर. मामानं घोट घेतला आणि एरंडेल प्याल्यासारखं तोंड केलं. "पाहू," म्हणाला. व्यापारी माणूस 'पाहू' म्हणाला की संपलंच. किसनराव उठून बाहेर गेले.

मी हात धुवायला मागे गेले, तर चुलीजवळ बसून वच्छलाबाई डोळे पुसत होत्या. पुढ्यात झाकलेला पितळी गडू होता. कुटलेल्या कॉफीवर नुसतं कढत पाणी ओतलेलं, सोबत गुळाचा खडा. मी हक्कानं कप भरला. अहाहा! अंगात ऊन शिरल्यासारखं वाटलं.

"हीच का नाही दिली आम्हाला?"

"अवो बाई, पाहुन्याले बिनदुधाची, बिनउकळीची देऊ? लोकं काय म्हन्तीन?"

मी तो कप तसाच मामाच्या हातात दिला. त्यानं तो बोलता बोलता रिकामा केला आणि किसनरावांना हाक मारली, "राजे हो, पोतं बांधा!" वच्छलाबाई हसत आणि रडत पोतं आणायला धावल्या.

अकोल्यात मात्र फज्जा उडाला. "हा काढा कोन्या वैद्यानं देला?" वकील विचारत. महिन्याभरात सगळे चहावर आले. तरी दर हिवाळ्यात मामा घाट चढायचा आणि पोतं आणायचा. मामी कटकट करायची, "काहून आनता? कोनी पेत नाई, तुमी बी पेत नाई."

"आपल्या गिऱ्हाइकाले समजत नाई, म्हून वच्छलाबाईची झाडं उपटाची काय?" मामा खेकसायचा. तो जन्मभर चहाच प्यायला.

मामा गेला त्या हिवाळ्यात निरोप सांगायला मी एकटीच चिखलदऱ्याला गेले. मामाचं ऐकून वच्छलाबाई खूप रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "भाऊ सांगत, हाटेलात लोकं रांगा लावतात माह्या कॉफीले. आता बी येतात काय?"

"येतात तर," मी म्हटलं. "पोतं संपत आलंय, म्हणून तर आले."

त्या लगबगीनं आत गेल्या, आणि मी पोतं घेऊन घाट उतरले.