सोन्याच्या वर्खातलं गोरोचन

माझे यजमान मरीन इंजिनिअर. उमेदीची वर्षं बोटीवर गेल्यामुळे मोटार शिकायची राहून गेली, ती पन्नाशीनंतर सिंगापुरात शिकायला घेतली. दुमजली घराएवढं इंजिन ताब्यात ठेवणारा हा माणूस, शेजारी परीक्षक बसला की घामाघूम व्हायचा. पहिल्या टेस्टला गाडी फुटपाथवर चढली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटशेजारी एक कोरियन आंटी राहतात. ही बातमी त्यांना कळली, अर्थात माझ्याकडूनच. दुसऱ्या टेस्टच्या सकाळी त्या एक डबी घेऊन आल्या. आत सुपारीएवढी गोळी, वर सोन्याचा वर्ख.

"आमच्याकडे परीक्षेआधी घेतात. छाती धडधडत नाही. चावून खा."

"यात काय असतं?" यजमानांनी विचारलं.

"बऱ्याच वनस्पती. आणि गाईच्या पित्ताशयातला खडा."

यजमानांनी गोळी अलगद डबीत परत ठेवली. रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंना मी सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी डबी हातात घेऊन हुंगली.

"अरे, हे तर गोरोचन. तुझ्या बाळगुटीत घालत होते मी. तेव्हा नाही विचारलंस, काय आहे म्हणून."

दोघी समोर उभ्या राहिल्यावर यजमानांचं काय चालणार? कडवट तोंड करून ते बराच वेळ चावत राहिले.

दुपारी घरी आले ते अगदी शांतपणे.

"काय झालं?"

"नापास. फार हळू चालवली म्हणे. मागे बस हॉर्न देत होती, पण मला काही घाई वाटली नाही."

मग बांगड्याची आमटी दोनदा वाढून घेतली आणि छान झोपले.

आंटींना हे कसं सांगावं, मला कळेना. त्यांनीच विचारलं, "घाबरले होते का?"

"नाही."

"मग औषध लागू पडलं. गाडी चालवण्याचं औषध आमच्याकडे नाही."

तिसऱ्या वेळी यजमान नुसता चहा पिऊन गेले, घामाघूम होतच टेस्ट दिली आणि पास झाले. पुढच्या रविवारी मित्राची गाडी मागून आणली आणि आंटींना यिशुनला लेकीकडे सोडायला निघाले. मागे सासूबाई आणि आंटी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी वाटभर बोलत होत्या. विषय कोण होतं, हे यजमानांनी आरशात पाहून ओळखलं असावं. त्यांचे कान लाल झाले होते.