हिरवी तार

"उलटा हात! उलटा!" दुरुस्तीवाले अण्णा ओरडायचे. कूलर असो, फ्रिज असो, कुठल्याही यंत्राला ते आधी हाताची मागची बाजू लावायचे. करंट असला तर तळहात मिटतो आणि माणूस चिकटून बसतो. त्यांची बायको तशीच कूलरला चिकटून गेली. त्यांच्या अख्ख्या कंपू वस्तीला ठाऊक होतं. मलाही होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे तुम्ही माझी बाजू घेणार नाही.

त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात मी बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर नेला. बाबा अंथरुणाला खिळलेले, आणि एकच हट्ट, "एकदा वाजव रे!" उंदरांनी वायर कुरतडली होती. अण्णांनी तीन तारांची नवी घातली आणि तिसरी, हिरवी तार पत्र्याच्या बॉडीला स्क्रूनं कसली.

"आता अंगणात खड्डा करा. मीठ, कोळसा घाला. हिरवीतून गळका करंट तिथं जमिनीत उतरेल. पहले अर्थिंग, बाद में गाना!"

अंगणात मी नुकत्याच टाइल्स बसवल्या होत्या. "रविवारपर्यंत करतो," असं म्हणून प्लेअर घेऊन आलो आणि कॉलनीतल्या वायरमनकडून दोन पिनांचा प्लग लावून घेतला. हिरवी तार त्यानं छाटून टेपखाली दाबली. बाबांच्या उशाशी प्लेअर वाजला. बाबा रडले हो, आनंदानं!

रविवारी अण्णा आमच्या दर्पण कॉलनीत न बोलावता आले, गाणं ऐकायला. सवयीनं उलटा हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. मग प्लग पाहिला. खिशातून पेचकस काढून त्यांनी आपली वायर सोडवली.

"अहो, निदान बाबांसाठी तरी..."

"त्यांच्यासाठीच काढतोय. सुई तेच ठेवतात ना?"

बाबांनी विचारलं, "आता कधी?"

"काका, अर्थिंग झालं की उसी दिन येतो."

मी काय केलं? चिडलो. म्हटलं, मोठा शहाणा लागून गेलाय! चार महिने बाबा विचारत राहिले, मी "बघतो" म्हणत राहिलो. मग बाबा गेले. टाइल्स मात्र वाचल्या, एकीलाही तडा नाही.

तेराव्याला ते आले. अंगणात थबकले, खाली फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही.

दिवाळीनंतर मी खड्डा खणून घेतला. कुणासाठी, ते विचारू नका. कंपूत गेलो तर दुकानात त्यांची मुलगी सामान आवरत होती.

"अण्णा गेले. पंधरा दिवस झाले."

मी कोण ते सांगितल्यावर तिनं खिळ्यावरचं वायरचं वेटोळं काढून दिलं. त्याला चिठ्ठी बांधलेली होती: 'दर्पण कॉलनीवाले काका. अर्थिंग झालं की त्याच दिवशी जाणे.'

वायर घरी आणली. मला ती लावता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावायला सांगायची लाज वाटते.