किहीम ते आगरदांडा : कॅरिअरवरचा नारळ

मार्गशीर्षातल्या एका पहाटे मी देवघरातला नारळ उचलला, पंच्यात गुंडाळला आणि सायकलच्या कॅरिअरला सुतळीने घट्ट बांधला. तीन वर्षं तो देवांपाशीच होता.

दारचा माड बायकोने लावलेला. माडाचं पहिलं फळ आपल्या माहेरच्या गावदेवीला, आगरदांड्याला, द्यायचं असं तिने बोलून ठेवलेलं. तिने फुलोऱ्याची पोय फुटलेली पाहिली, नारळ पाहायच्या आधीच ती गेली. पहिलं फळ देवाला गेल्याशिवाय त्या माडाचं घरात कुणी खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे सूनबाई विकतचा नारळ आणी आणि अंगणात गळालेले नारळ कुजून जात. शेजारी हसत, "माड दारात, नारळ दुकानात!" मी कधी पावसाचं, कधी टायरचं निमित्त सांगे. खरं म्हणजे तिचं तेवढंच काम उरलं होतं. ते झालं की संपलं.

अलिबागपर्यंत रस्ता सपाट. पुढे रेवदंड्यापर्यंत सुपारीच्या वाड्यांतून सावली मिळते. तिथे खाडी होडीने ओलांडावी लागते. माणसाला दोन आणे, सायकलीला एक. होडीवाला कोळी नारळाकडे बघून म्हणाला, "काका, पोर बांदल्यासारका बांदलाव! पलून जातंय काय?"

"सासुरवाडीला चाललोय."

"एकच नारल घेऊन? मेवनी आत घेणार न्हाय!"

होडी हसली, मीही हसलो.

कोर्लईनंतर चढ सुरू होतात. जाणाऱ्यांनी ब्रेक आधी तपासावेत. लाल खडीवर चाक सरकतं. काशीदचा चढ मी सायकल ढकलत चढलो. वर आलं की खाली समुद्र एकदम दिसतो. याच रस्त्याने एकदा मला माहेरी ने, असं ती म्हणायची. मी दर वेळी लाँचने पाठवली. तिला लाँच लागायची. तिथे बराच वेळ बसलो. मुरूडला चहा-पाव खाल्ला, पाण्यातला जंजिरा बघितला आणि दिवस कलताना आगरदांड्याला पोचलो.

मेहुणा देवळात घेऊन गेला. गुरवाने नारळ सोलला, कानाशी हलवला. आत सुक्या खोबऱ्याचा गोटा खडखडला.

"पाणी आटलंय हो याचं. किती ठेवलात?"

"तीन वर्षं."

माझी मान वर होईना. मेहुणा म्हणाला, "भावोजी, ताई असती तर तुमची काही खैर नव्हती!" आणि स्वतःच डोळे पुसू लागला.

"देवीला गोटाही चालतो," गुरव म्हणाला, "आणणारा आला ना?" त्याने नारळ फोडला. अर्धा देवीपुढे ठेवला, अर्धा माझ्या हातात दिला. परतीच्या वाटेवर काशीदच्या माथ्यावर बसून मी त्यातला तुकडा चघळला. तेलकट, गोड होता.

घरी येऊन चार दिवस झाले. पाय अजून दुखतात. रिकाम्या कॅरिअरकडे उगाच हात जातो. देवघरात नारळाच्या जागी गोल डाग राहिलाय. सूनबाई पुसायला निघाली, मी नको म्हटलं.

आज सकाळी गडी बोलावून माडाचे नारळ घरात खायला उतरवले.