कै. अर्जुनरावांचा रकाना

पिंपळे गुरवच्या एका सार्वजनिक वाचनालयात सर्वांत जास्त पुस्तके कोणी लिहिली, असे संगणकाला विचारले तर तो बेधडक सांगे, कै. अर्जुनराव. पाककृती, लेथ मशीनची देखभाल, शेअर बाजार, गरोदरपणातला आहार. अर्जुनरावांनी काही म्हणून सोडले नव्हते. प्रत्यक्षात त्यांनी हयातभर म्हशी सांभाळल्या आणि लिहिली ती फक्त सही.

हा प्रताप ग्रंथपाल विजयश्रीताईंचा. अर्जुनरावांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या पत्नीने, आक्काबाईंनी, भांडी वाटण्याऐवजी वाचनालयाला पुस्तके दिली. मग गावकीत तशी रीतच पडली. देणाऱ्यांची अट एकच, गेलेल्या माणसाचे नाव संगणकात दिसले पाहिजे. तक्त्यात देणगीदाराचा रकानाच नव्हता. ताईंनी माणुसकीला स्मरून लेखकाचा वापरला. आक्काबाई दर गुरुवारी देवळातून परतताना डोकावत, पडद्यावर नवऱ्याचे नाव शोधायला लावत, त्याला नमस्कार करत आणि ताईंच्या हातावर खडीसाखर ठेवत.

अशात तपासणीचे पत्र आले. यादीत गोंधळ सापडला तर वाचनालय ‘ब’ वर्गातून ‘क’ वर्गात जाणार आणि अनुदान घटणार. ताईंची झोप उडाली. ताथवड्याच्या एका कॉलेजात कार्यशाळेला जाऊन त्या याद्या साफ करणारे सॉफ्टवेअर शिकून आल्या. त्याला एकदा नियम सांगितला की ते सगळ्या नोंदींवर एका दमात हात फिरवी. ताईंनी नियम दिला : ज्या नावापुढे ‘कै.’ असेल ते उचलून ‘देणगीदार’ या नव्या रकान्यात ठेव. चहा निवायच्या आत काम फत्ते. अर्जुनरावही राहिले आणि यादीही चकचकीत झाली.

तपासणी नेमकी गुरुवारी आली. अधिकारी बराच वेळ पडदा वरखाली करत होते. मग त्यांनी चष्मा पुसला.

“ताई, हे नाटककार जाऊन शंभर वर्षं झाली. त्यांनी तुम्हाला गेल्या वर्षी पुस्तकं कशी दिली?”

ताईंनी वाकून पडद्यात पाहिले. गेलेल्या माणसाचे नाव नुसते लिहिणे त्यांच्या हाताला कधी जमले नव्हते. दिवंगत लेखकांपुढेही त्यांनीच आदराने ‘कै.’ लावले होते. आता मराठीतले निम्मे लेखक पिंपळे गुरवचे देणगीदार झाले होते आणि त्यांची पुस्तके बिनलेखकाची.

दारातून आक्काबाई आत आल्या. प्रकार समजावून घेऊन म्हणाल्या, “म्हंजी आमच्या मालकास्नी सोबत बरी मिळाली म्हणायची.”

अधिकाऱ्यांना हसू आवरेना. त्यांनी महिन्याची मुदत दिली. सॉफ्टवेअर केलेले सगळे लक्षात ठेवत असे, त्यामुळे ताईंनी शेवटचा बदल उलटवून यादी पूर्ववत केली आणि या खेपेला एकेक पुस्तक हातात घेऊन, आतले पान पाहून कोणता ‘कै.’ लेखकाचा आणि कोणता देणगीदाराचा ते ठरवून खरा लेखक नोंदवला. आक्काबाई शेजारी बसून पुस्तकांवरची धूळ झटकत राहिल्या.

यादी मंजूर झाली, ‘ब’ वर्ग टिकला. पुढच्या गुरुवारी आक्काबाईंनी अर्जुनरावांना त्यांच्या हक्काच्या रकान्यात पाहून नमस्कार केला, खडीसाखर दिली, पण हलल्या नाहीत.

“विजू, त्यांच्या म्होरलं ते ‘कै.’ काढून टाक बाई. त्याच्यापायीच मशिनीनं हलवलं त्यास्नी. ते न्हाईत, हे तिला कशाला सांगायचं?”

ताईंनी आजूबाजूला पाहिले आणि काढून टाकले.