गाडीचं नवं स्टिअरिंग

नवऱ्याला मी तोंडावर अजूनही ‘अहो’ म्हणते. लिहिताना मात्र ‘तो’च म्हणणार आहे. तेवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

आमची गाडी लहान आणि जुनी, सेकंडहँड घेतलेली. एअरबॅग नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, बिल्डिंगखालच्या दोन खांबांमधे ती कव्हर घालून उभी असायची. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात होता. मुदतीआधी निवृत्ती घेऊन तो घरी बसला तेव्हा मला वाटलं, आता तरी गाडी बाहेर निघेल. पण हायवेला लागलं की त्याचं डोकं फिरायचं. पुढच्याला शिव्या, मागच्याला शिव्या, आणि घरी येईपर्यंत शिव्यांचा रोख माझ्याकडे वळलेला असायचा. मग त्याने गाडी काढणंच कमी केलं. रविवारी खाली जाऊन तो ती पुसायचा, एवढंच.

मी गाडी शिकले ते आईमुळे. आई मानखुर्दला एकटी राहते. बाबा गिरणी बंद पडल्यावर तिकडे गेले, तिकडेच वारले, आणि आईने ती खोली सोडली नाही. बाथरूममधे पडून तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, फिजिओथेरपी चुकवायची नाही, नाहीतर त्या अंथरुणातच राहतील. रिक्षात चढताना तिला पाय उचलता येत नव्हता. खड्ड्यातून रिक्षा गेली की ती ओरडायची. मी पन्नाशीला टेकलेली बाई, ड्रायव्हिंग स्कूलमधे कॉलेजच्या पोरींच्या रांगेत उभी राहिले.

शिकवणाऱ्याने तीनदा डोक्याला हात लावला असेल. पण मला जमलं. जमलं म्हणजे आवडायलाच लागलं. स्टिअरिंग जड होतं, पण चाक चांगलं मोठं होतं, दोन्ही हातांनी ओढलं की वळायचं. आईच्या सीटवर मी जाड उशी ठेवायचे, म्हणजे तिला फार खाली बसावं लागायचं नाही. सीट पूर्ण मागे सरकवायची, आधी तिला बसवायचं, मग दोन्ही पाय हळूच आत घ्यायचे. फिजिओथेरपीवाली बाई म्हणाली, सुधारणा आहे. आई काठी घेऊन गॅलरीपर्यंत जायला लागली.

एका रविवारी नवरा आमच्यासोबत आला. जाताना मी चालवली, परत येताना त्याने. आम्ही आईला घरी सोडलं, मी तिला आत नेत होते आणि तो मागून पिशवी घेऊन येत होता. आई मला म्हणाली, “तूच चालव गो. तू बरी चालवतंस. जावयबापूंच्या गाडीत बसलंय की माझ्या पोटात ढवळता.”

आईचा आवाज मोठा. त्याने ऐकलं. पिशवी टेबलावर ठेवली आणि चहा न घेता खाली गेला.

त्यानंतर काही दिवसांतच नवं स्टिअरिंग आलं. कुरियरवाल्याने खोका आणून दिला. काळं, गुळगुळीत कातडी, लाल दोऱ्याची शिवण, खालच्या बाजूला सपाट. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं. आणि लहान. आमच्या जेवणाच्या ताटापेक्षा थोडंसंच मोठं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“जुनं सालपटलंय. तुझ्यासाठीच आणलं. ग्रिप बघ काय झकास आहे.”

“मला जुनंच बरं आहे. हे लहान आहे हो.”

“लहानच चांगलं असतं. तुला काय कळतं त्यातलं?”

रविवारी सकाळी तो फोनवर व्हिडिओ लावून खाली बसला. मला हाताखाली घेतलं. मी टॉर्च धरला, पाने दिले, निघालेले स्क्रू वाटीत जमा केले. आधी त्याने बॅटरीची वायर सोडवली. मग हॉर्नचं झाकण उचकटून काढलं. मधला नट सुटेना तेव्हा पान्याला पाइप लावून जोर दिला. मग चाक दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवलं, आणि ते एकदम त्याच्या मांडीत आलं. चाकाखालच्या दांड्यावर त्याने एक जोड बसवला, जोडावर नवं चाक. सोसायटीतले दोघंतिघं बघायला जमले होते. “वा, गाडी एकदम स्पोर्ट्स झाली,” कुणीतरी म्हणालं. तो खूश झाला. नोकरी सुटल्यापासून त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, हेही खरं आहे.

“जुनं कुठे ठेवलंत?” मी संध्याकाळी विचारलं.

“भंगारवाल्याला दिलं. काय करायचं होतं त्याचं?”

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढायला बसले. आमच्या खांबांमधून निघताना गाडी जवळजवळ उभी असतानाच चाक पूर्ण वळवावं लागतं. मी ओढलं. हललं नाही. सीटवरून उठून, खांद्याचा जोर लावून ओढलं, तेव्हा थोडं वळलं. गाडी पुढे गेली आणि डावा दरवाजा खांबाला घासला. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असणार, कारण तो गॅलरीत येऊन उभा राहिला.

“लावलीस वाट!” तो वरूनच ओरडला. “तरी मी म्हणत होतो!”

तो काहीच म्हणत नव्हता. पण खाली वॉचमन होता, दूधवाला होता, पहिल्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्या सगळ्यांनी आता ऐकलं होतं की तो म्हणत होता.

मी त्याला सांगितलं की चाक लहान झाल्यामुळे वळवायला दुप्पट ताकद लागते. तो म्हणाला, सवय होईल. स्वतः वळवताना त्याच्याही दंडाच्या शिरा फुगायच्या, मी पाहिलं होतं. इंडिकेटरही वळण संपल्यावर आपोआप बंद होईना. ते सांगितलं तर म्हणाला, हाताने बंद कर, हात आहेत ना.

तरी मी चालवत राहिले. उजवा खांदा भरून यायचा, स्वयंपाक करताना कणीक मळवत नसे. मग एकदा फिजिओथेरपीहून परत येताना यू-टर्न घेताना मी अडकले. अर्धी वळले आणि चाक पुढे जाईना. मागे-पुढे करायला जागा नव्हती. समोरून बेस्टची बस आली आणि हॉर्न वाजवत उभी राहिली. एक बाइकवाला काचेवर थाप मारून म्हणाला, “आंटी, चलाना नहीं आता तो घर पे बैठो ना!” शेजारी आई वरचा दांडा धरून बसली होती. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असणार. मी दोन्ही हातांनी लोंबकळून चाक वळवलं आणि कशीबशी निघाले.

घरी पोचल्यावर आई म्हणाली, “माका आता नको ता. तुका काय झाला तर? मी घरीच व्यायाम करतंय.”

तिने घरी व्यायाम केला नाही. कुणीच करत नाही. मी रिक्षाने जायचे, तिला उठवायचा प्रयत्न करायचे, ती दुखतंय म्हणायची. गॅलरी बंद झाली, मग स्वयंपाकघर बंद झालं.

गणपतीच्या आधी मी माळ्यावरून मखर काढायला शिडीवर चढले होते. मखराच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं. चादर सोडली. आमचं जुनं स्टिअरिंग. हॉर्नच्या झाकणासकट, स्क्रूंसकट, सगळं नीट एका पिशवीत बांधून ठेवलेलं.

हलगर्जीपणा असता तर मी सोडून दिला असता. पण भंगारात दिलं म्हणून सांगायचं, आणि माळ्यावर सगळ्यात मागे, जिथे माझा हात वर्षातून एकदा जातो तिथे, चादरीत गुंडाळून ठेवायचं. यात हलगर्जीपणा कुठेच नव्हता.

तो बाजारात गेला होता. मी पाने घेतले, पाइप घेतला, खाली गेले. कुठला नट कुठे, हे मला माहीत होतं, टॉर्च मीच धरला होता. बॅटरीची वायर काढली. नवं चाक सोडवलं, जोड हलवून हलवून उपसला. रस्त्यावरची पुढची चाकं सरळ आहेत ना ते उतरून दोनदा पाहिलं. जुनं बसवलं, नट आवळला, पाइपवर सगळं वजन टाकून आवळला. हॉर्नचं झाकण आणि बॅटरीची वायर परत लावली, हॉर्न वाजवून बघितला. वाजला.

तो भाजी घेऊन फाटकातून आला तेव्हा मी सीटवर बसले होते.

“तुम्ही तर भंगारात दिलं होतं ना?” मी म्हणाले.

त्याने चाकाकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडे. “दिलं असं म्हणालो नव्हतो मी.”

“म्हणालात.”

“बरं, म्हणालो. मग? गाडी माझी आहे.” आणि तो लिफ्टकडे गेला.

दुसऱ्याच दिवशी मी आईकडे गाडी घेऊन गेले. खांबांमधून सहज निघाले. वर जाऊन म्हणाले, “आई, चल, गाडी पहिल्यासारखी झाली.” ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. “आता कित्याक?” म्हणाली. “रवांदे.” मी तिला उठवायला गेले, तर तिचे पाय लाकडासारखे झाले होते. फिजिओथेरपीवाली घरी येऊन बघून गेली. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं की मधे खूप खंड पडला.

गणपतीनंतर मी एकदा आईकडून रिक्षाने परतले तेव्हा खांबांमधली जागा रिकामी होती. त्याने गाडी विकली होती. कागदावर त्याचंच नाव होतं, माझी सही कुठेच लागत नव्हती.

“विचारायचं तरी होतं,” मी म्हणाले.

“तुझी आई आता बाहेर पडत नाही. कशाला हवी गाडी?”

त्या वाक्यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं, आणि ते खरं त्यानेच केलं होतं.

यंदा बोरिवलीला त्याच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. जेवताना कुणीतरी विचारलं, गाडी दिसली नाही. तो म्हणाला, “विकली. ही चालवायला घाबरायची ना, एकदा खांबालाच ठोकली. मग म्हटलं, नको.”

मी समोरच्या पंगतीत होते. मोठ्याने म्हणाले, “खोटं बोलतायत. स्टिअरिंग ह्यांनी लपवलं होतं.”

आधी नणंद हसली, तिच्यामागून बाकीचे हसले. माझी गंमत त्यांना आवडली होती. तोही हसला. वाढणारी श्रीखंडाचं भांडं घेऊन माझ्यासमोर येऊन थांबली आणि मी तिला नको म्हणून हात आडवा धरला.