कडेकडेने चालणारं पिल्लू

मी डॉक्टर नाही, हे मी आयुष्यभर सांगत आले आणि कुणीही ऐकलं नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गुराढोरांना लसी टोचत फिरण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण हातात सुई आहे म्हणजे डॉक्टर, असं लोकांचं सरळ म्हणणं. बायका मला डॉक्टरबाई म्हणायच्या. पुढे पुढे मीही दुरुस्ती करायचं सोडून दिलं, कारण खरं सांगू का, मला ते आवडायचं. त्याच आवडण्यापायी एकदा चांगली तोंडावर आपटले, ते सांगते.

निवृत्त झाले त्याच वर्षी घरात कुत्री आली. जर्मन शेफर्ड. मुलाने पुण्यात हौसेने घेतलेली. मग त्याची बदली झाली आणि "आई, थोडेच दिवस" म्हणत त्याने ती जव्हारला आणून सोडली. ते थोडे दिवस अजून संपायचेत. आमच्या ह्यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. ते म्हणाले, "चला, आता घरात दोघी भुंकणार." त्या दिवशी त्यांना चहा स्वतःच करून प्यावा लागला.

पण कुत्री फार गुणाची निघाली. मला वाटलं, हिची पिल्लं व्हायला हवीत. नाशिकला एका गृहस्थांकडे चांगला नर होता. मी जाऊन त्याला आधी दहा वेळा चालवून बघितला. या जातीचं दुखणं कमरेत असतं. मागचे पाय ओढत चालणाऱ्या नराची पिल्लं घ्यायची नसतात. ते गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, कुत्रा बघताय की जावई?" मी म्हटलं, जावई एवढा नीट कोण बघतं!

पाच पिल्लं झाली. पडवीत पोतं अंथरून मी त्यांना त्यावर सोडायची. चार पिल्लं पोत्यावर लोळायची, एकमेकांचे कान चावायची, गडगडत खाली पडायची. पाचवी, सगळ्यांत बारकी, पोत्याच्या कडेकडेने चालायची. चारही बाजूंनी फिरून परत सुरुवातीच्या जागी. कुणी भावंड खाली उतरायला लागलं की नाकाने त्याला आत ढकलायची आणि पुन्हा आपली फेरी सुरू. लोक पिल्लं बघायला यायचे, त्यांना फाटकावर बांधायला दांडगं पिल्लू हवं असायचं. हिच्याकडे बघून म्हणायचे, "ही जरा वेडसर दिसते."

वेडसर तुम्ही! मला नोकरीत असताना वाचलेलं आठवलं. ही जात मुळात मेंढ्यांसाठी तयार केलेली. त्यांच्या मुलुखात शेतांना कुंपण नसायचं. एका बाजूला चराई, दुसऱ्या बाजूला पीक आणि मधल्या रेषेवरून हा कुत्रा दिवसभर येरझाऱ्या घालायचा. चावायचं नाही, पळवायचं नाही, नुसतं चालत राहायचं. आपण त्याला पोलिसात भरती केलं आणि बंगल्यांना राखण म्हणून बांधून टाकलं. ही बारकी मात्र आपलं मूळ काम विसरली नव्हती.

आता आमच्या भागात मेंढ्या टिकत नाहीत. एवढ्या पावसात त्यांचे खूर सडतात. घाटावरचे मेंढपाळ कापणीनंतर खाली उतरतात आणि पावसाआधी निघून जातात. आमच्याकडे शेळ्या. आणि शेळ्या म्हणजे भांडणं.

पोशेऱ्याच्या अलीकडे एका पाड्यावर माझी जुनी ओळखीची बाई राहते. नवरा गेलेला, अकरा शेळ्या, आणि चिखलात वाकून वाकून भात लावण्यात दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिच्या पहिल्या शेळीचं अडलेलं करडू मी ओढून काढलं होतं, तेव्हापासूनची आमची मैत्री. मागच्या पावसाळ्यात तिच्या शेळ्या दोनदा शेजाऱ्याच्या नागलीत, म्हणजे नाचणीत, शिरल्या. तिला धावता येत नाही, ती पोचेपर्यंत निम्मा वाफा साफ. पाड्याची बैठक बसली आणि ठरलं, की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा असं झालं तर तिने सगळ्या शेळ्या विकायच्या.

शेळ्या विकल्या की तिचं पाड्यावर काहीच उरत नव्हतं. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला. खोली एक, माणसं पाच. तो बिचारा रोज फोन करायचा, "आई, ये इकडं." एकदा बाजाराला आली तेव्हा आमच्या पडवीत बसून ती मला म्हणाली, "बाई, पोरगा चांगला हाय, सून पण चांगली हाय. पण तिथं दाराबाहेर पाय ठेवला की दुसऱ्याचं दार. मी तिथं काय करू वो, नुसती बसून मरू?"

माझं डोकं एकदम तापलं. म्हटलं, "कुठे जायचं नाही. मी तुला कुत्री देते. शिकवून देते."

तिने पोत्याच्या कडेने फिरणाऱ्या बारकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही? हिला तर शेळीच उचलून नेईल."

झालं! मला तेवढंच पुरलं. फाल्गुनापासून मी दिवसाआड स्कूटरवर पायांत पिल्लू बसवून पाड्यावर जायला लागले. हे दुकानातून बघायचे आणि गिऱ्हाईकांसमोर म्हणायचे, "निघाली स्वारी." जाऊ दे. माझ्या डोक्यात एकच होतं. पिल्लाला रेषा शिकवायची. पण उन्हाळ्यात शेतात रेषा कुठली? सगळं तपकिरी, वाळलेलं. मग मला राब दिसले. आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तिथे पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. जळलेला काळा चौकोन आणि भोवती वाळलेलं गवत. याच्याहून ठळक रेषा कोण आखून देणार? मी म्हटलं, वा! काय डोकं चालवलं!

पिल्लाच्या गळ्यात लांब दोरी. काळ्यावर पाय पडला की "नाय!" काठावरून चाललं की सुकटीचा एक तुकडा. मेच्या शेवटापर्यंत ती दोरीशिवाय राबाभोवती तासभर फिरायची. शेळ्या बाहेर चरायच्या आणि एकही शेळी काळ्यात शिरायची नाही. मी कमरेवर हात ठेवून सगळ्या पाड्याला ते दाखवलं. त्या शेजाऱ्यालासुद्धा मुद्दाम बोलावून आणलं. तो बघून मान हलवून गेला. माझी बाई दगडावर बसून गप्प राहिली. मला वाटलं, थक्क झाली असेल.

जूनच्या सुरुवातीला मी कुत्री बाईकडे कायमची ठेवून आले. पाऊस लागला, आठ दिवसांत सगळं हिरवं झालं. काळं कुठे दिसेना. शेळ्या सोडल्या, आणि माझी हुशार विद्यार्थिनी इकडे बघते, तिकडे बघते, शेवटी मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांसमोरून पाच शेळ्या शेजाऱ्याच्या नागलीच्या रोपात शिरल्या. तिने शेपटीसुद्धा हलवली नाही.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. गेले तर बाई दारात बसलेली, पाय पसरून. मी कुत्रीवर ओरडले, पावसावर ओरडले. मग म्हटलं, "पण मेमध्ये एकही शेळी आत गेली नव्हती गं!"

ती हळूच म्हणाली, "बाई, राखेत शेळी कशाला जाईल? खायला काय हाय तिथं?"

तीस वर्षं शेळ्यांमध्ये काढली मी. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही डॉक्टरबाई. आणि इतक्या हौसेनं करत होत्या. कसं बोलू?"

मला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. संध्याकाळी बैठक होती, तिथे मी गेले. भांडायचं ठरवून गेले होते, पण शेजारी उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "डॉक्टरबाई, माझ्या घरात सहा तोंडं हायत. माझ्या नागलीचं काय?" त्याचं चुकलं कुठे होतं? मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक कुत्रीची नाही, या बाईची तर मुळीच नाही. मी चुकीचं शिकवलं. कापणीपर्यंत एक संधी द्या." मला असं वाकून बोलायची सवय नाही. शेजारी म्हणाला, "कापणीपर्यंत. एक पान जरी खाल्लं तरी शेळ्या बाजारात."

मी आता नवीन काय शिकवायचं याचा विचार करत बसले होते. माझ्या बाईने विचार वगैरे केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या सोडायच्या आधी तिने कुत्रीला दोरीने बरोबर घेतलं आणि काठी टेकत, कण्हत, चराईच्या माळाची अख्खी कड चालून आली. शेजाऱ्याच्या बांधाने वर, ऐनाच्या झाडाला वळसा, ओढ्याने खाली. मध्ये एका चपट्या दगडावर बसून गुडघे चोळले, पुन्हा उठली. घरी येऊन म्हणाली, "आता सोडा." मी शेळ्या सोडल्या, तिने दोरी सोडली. कुत्रीने नाक खाली घातलं आणि बाईची पावलं जिथून गेली होती तिथूनच चालायला लागली. एक बोकड बांधाकडे आला तर ही आडवी उभी राहिली. भुंकली नाही, चावली नाही. नुसती उभी. बोकड मागे फिरला.

"तुला कसं सुचलं गं हे?" मी विचारलं.

"पोरांना शेत असंच दाखवतो ना आम्ही? हाताला धरून. हे आपलं, ते दुसऱ्याचं."

मग रोज सकाळी तेच. रात्रीच्या पावसाने वास धुऊन जायचा, म्हणून रोज नवी फेरी लागायची. मी गोळ्या नेऊन द्यायची, मालिशचं तेल द्यायची, पण फेरी तिलाच मारावी लागे. कुत्री माझ्या मागून चालायचीच नाही! बाईच्या हातची भाकरी खात होती ना ती आता. बाई तिला "पोरी" म्हणायची. श्रावण गेला, भाद्रपद गेला. नागलीची कणसं भरली.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. कापणीला जेमतेम आठवडा उरला होता. आदल्या रात्री पाऊस चांगलाच झोडपून गेला होता. मी सकाळी पोचले तर बाई घरात जमिनीवर पडलेली, अंग तापलेलं. पहाटे सवयीने उठून शेळ्यांचं दार उघडलं आणि तिथेच चक्कर आली, कशीबशी आत येऊन पडली. "बाई, शेळ्या," एवढंच म्हणाली आणि उठायला लागली. मी तिला दाबून झोपवलं. दार सताड उघडं, आत एक शेळी नाही. आज फेरी झालेली नाही. मी चपला तिथेच टाकून धावत सुटले. चिखलात दोनदा पडले, तोंडाने काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आठ दिवस! अजून आठ दिवस हा ताप थांबला असता तर काय बिघडलं असतं?

शेजारी बांधावर उभा होता. हातात विळा. मी लांबूनच सुरू झाले, "भाऊ, ती आजारी आहे हो, तिची चूक..."

त्याने न वळता हात वर केला. गप्प.

शेळ्या माळावर चरत होत्या. अकराच्या अकरा, मी मोजल्या. आणि पोरी चालत होती. पुढे कुणाचीही पावलं नव्हती, वास धुऊन गेलेला, तरी बांधाने वर, ऐनाला वळसा, ओढ्याने खाली. त्या चपट्या दगडापाशी आली आणि दगडावर चढून बसली. शेळ्यांकडे बघत थोडा वेळ बसून राहिली. मग उठली आणि पुढे निघाली.

"तीन फेऱ्या झाल्या," शेजारी म्हणाला. "दर वेळी बसते. म्हातारी बसते तिथंच." मग विळा खांद्यावर टाकत म्हणाला, "जा तुम्ही तिच्याजवळ. मी थांबतो इथं." आणि चार पावलं गेल्यावर मागून हाक मारली, "डॉक्टरबाई, हिला पिल्लं झाली तर एक मला."

मी घरी येऊन बाईला सगळं सांगितलं. दगडाचं सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडावर ओढला. मला वाटलं रडतेय. रडतच होती, पण हसतही होती. "माझे गुडघे पण शिकली मेली!" म्हणाली.

माझ्या तर डोळ्यांतलं पाणी थांबेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला, मुलाचा रोजचा. तिला धरवत नव्हता म्हणून मीच तिच्या कानाला लावला. पलीकडून तो नेहमीचं विचारत होता, येतेस ना, कापणी झाली की येतेस ना. बाईने डोळे पुसले, घसा साफ केला.

"येते की," ती म्हणाली. "चार दिवस. भेटायला."