पुढारी मागे बसायचे

आमच्या छापखान्यात पुस्तकबांधणीच्या खात्यात एक गृहस्थ होते. सगळे त्यांना पुढारी म्हणायचे. निवडणूक त्यांनी जन्मात लढवली नाही. पण कुणावर अन्याय झाला की हातातला सरसाचा ब्रश खाली ठेवून मालकाच्या केबिनमध्ये पहिले तेच घुसायचे. चहा पाणचट झाला तरी पुढारी निवेदन देतील, अशी आम्ही त्यांची टिंगल करायचो. तेही हसायचे.

तरुणपणी संपात त्यांना अटक झाली होती. कमरेला दोर बांधून पोलिसांनी भर बाजारातून त्यांची धिंड काढली. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या त्यांच्या वडिलांनी पाहिलं आणि मान फिरवली. हे ते क्वचितच सांगायचे. पण तेव्हापासून अंगाभोवती काही आवळलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. थंडीत मफलरसुद्धा ते नुसता खांद्यावर टाकायचे.

गाडीत पट्टा लावायचा कायदा कडक झाला, तेव्हा पुढारी जेवणाच्या सुट्टीत तावातावाने बोलले. "सिगारेट ओढून मरायची मला मुभा आहे. मग हे का नाही? माझा जीव, माझी मर्जी. माझ्यामुळे दुसऱ्याला इजा होत असेल, तर खुशाल बेड्या घाला."

खरं तर आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते पटलंच होतं.

त्यांची मुलगी बायकांचे केस कापायचं दुकान चालवायची. हात इतका हलका, की तिच्याकडे बसलेल्या बायकांना डुलकी लागायची. तिने जुनी गाडी घेतली आणि पट्ट्यावरून बापलेकीची रोज जुंपू लागली. शेवटी वहिनींनी, म्हणजे पुढाऱ्यांच्या बायकोने, तोड काढली. पुढारी मागे बसतील, मुलीच्या सीटच्या मागे. तिथे सहसा कुणी बघत नाही.

"बाबा, मागेही पट्टा आहे," मुलगी म्हणायची.

"असू दे. शोभेला बरा आहे."

एका दुपारी दोघं आत्याकडून परत येत होती. उतारावर पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक लावला. मुलीनेही लावला, तरी गाडी ट्रकवर आदळली. वेग फार नव्हता. पट्ट्याने मुलीला जागच्या जागी धरून ठेवलं. पुढारी मात्र मागून सुटले ते सीटच्या पाठीवर. सीट वाकली आणि मुलगी सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये चेंगरली.

पुढाऱ्यांच्या कपाळाला टाके पडले. मुलीचा उजवा खांदा मोडला.

डॉक्टर दवाखान्यात समजावून सांगत होते, "ट्रकच्या धक्क्याने हिला फारसं लागलं नसतं. मागून माणसाचं सगळं वजन आलं ना, त्याने हे झालं." तो माणूस समोरच उभा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. पुढारी भिंतीला टेकून खाली बसले.

शुद्धीवर आल्यावर मुलीने पहिलं काय विचारावं? "बाबा, तुम्हाला फार लागलं का हो?"

हे वहिनींनीच मला सांगितलं. तिने एखादी शिवी दिली असती तर पुढाऱ्यांना सोपं गेलं असतं.

हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. केस कापणाऱ्या बाईचा हात दिवसभर वरच असतो. तिने दोन मुली कामाला ठेवल्या आणि खुर्चीत बसून तोंडाने शिकवू लागली. दुकान चाललं. मात्र कात्री ती पुन्हा हातात धरू शकली नाही.

खांद्याच्या व्यायामासाठी तिला पहिल्यांदा टॅक्सीने दवाखान्यात न्यायचं होतं. पुढारी बसले आणि स्वतःच्या हाताने पट्टा ओढून त्यांनी खटका लावला. गाडी सुरू होताच त्यांचा चेहरा पांढरा पडला, शर्ट घामाने भिजला.

मुलगी म्हणाली, "सोडा बाबा. उतरू या, चालत जाऊ हळूहळू."

"नको. चालू दे गाडी."

पट्टा आणि छाती यांच्यामध्ये अंगठा खुपसून ते तसेच बसून राहिले.

पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्यातला एकजण त्यांना म्हणाला, "पुढारी, शेवटी सरकारनं तुम्हालाही बांधलंच की!"

आम्हाला वाटलं, आता भडकणार. पण ते शांतपणे म्हणाले, "त्या दोराचा राग माझा अजून गेलेला नाही रे. जाणारही नाही. पण मर्जी माझी होती आणि खांदा गेला तिचा. याला मी काय उत्तर देऊ, सांग."

त्यांनी डबा बंद केला, हात धुतले आणि अर्धवट राहिलेली पुस्तकं पुढ्यात ओढली.